हळदीचा दावा आणि कागदाची साक्ष

सही-शिक्का होऊन बाहेर पडलेला आदेश त्याच कार्यालयाने पुन्हा टेबलावर घ्यावा, आपले काही चुकले काय हे तपासावे, आणि चुकले असल्यास तो मागे घ्यावा, ही गोष्ट प्रशासनात फार क्वचित घडते. फाईल बंद झाली की ती बंदच राहावी याकडे सर्वांचा कल असतो. वरिष्ठांकडे अपील करा, न्यायालयात जा, परंतु आमच्या खिडकीशी पुन्हा येऊ नका, असा साधारण शिरस्ता. म्हणूनच अमेरिकेच्या पेटंट कार्यालयातील 'पुनर्परीक्षण' ही व्यवस्था प्रशासनाच्या अभ्यासकाला कुतूहलाची वाटते. भारतीयांना तिची ओळख झाली ती हळदीमुळे.

ती हकिकत बहुतेक वाचकांना ढोबळमानाने ठाऊक असेल. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील भारतीय वंशाच्या दोन संशोधकांना २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेत ५४,०१,५०४ क्रमांकाचे पेटंट मिळाले. जखम भरून येण्यासाठी रुग्णाला हळदीची पूड देण्याची पद्धत, हा त्यांचा दावा. आपल्याकडे बोट कापले की आई स्वयंपाकघरातल्या डब्यातून जी चिमूटभर हळद दाबून धरते, तिच्यावर मक्तेदारी! त्या वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. मूळचे गोव्यातील माशेलचे. परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये पुनर्परीक्षणाचा अर्ज केला, १९९७ मध्ये परीक्षकाने सर्व दावे नाकारले, आणि २१ एप्रिल १९९८ रोजी तसे प्रमाणपत्र निघून प्रकरण संपले. एका विकसनशील देशाने आपल्या परंपरागत ज्ञानाच्या आधारे अमेरिकेतील पेटंट रद्द करवून घेतल्याचे हे पहिले गाजलेले उदाहरण. वृत्तपत्रांतून 'हळदीघाटीची लढाई' हा शब्दप्रयोग रूढ झाला.

मला हा शब्दप्रयोग कधीच फारसा रुचला नाही. लढाई म्हटले की शौर्य आठवते, आणि कारकुनी विसरली जाते. हे प्रकरण जिंकले ते कारकुनीने. परिषदेने आपल्या अर्जासोबत ३२ संदर्भ जोडले होते. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथांतील उतारे होते, काही शंभर वर्षांपेक्षा जुने. आणि १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक शोधनिबंधही होता. कोणीतरी ग्रंथालयांतून हे कागद हुडकले, त्यांच्या प्रती काढल्या, इंग्रजी भाषांतरे करवून घेतली, कोणता उतारा कोणत्या दाव्याला कसा छेद देतो याचा तक्ता मांडला. या माणसांची नावे कुठल्याच भाषणात येत नाहीत. माझी सारी नोकरी हिशेबाच्या खात्यात गेल्यामुळे असेल कदाचित, पण मला त्यांच्याविषयीच अधिक आदर वाटतो.

आता ही व्यवस्था चालते कशी ते पाहू. १९८० पूर्वी अमेरिकेत एकदा दिलेल्या पेटंटला आव्हान द्यायचे तर न्यायालयाची पायरी चढणे हाच मार्ग होता, आणि तो खर्च अफाट. १९८० च्या कायद्याने पेटंट कार्यालयाला आपलाच निर्णय पुन्हा तपासण्याचा अधिकार दिला; १ जुलै १९८१ पासून तो अंमलात आला. अर्ज कोणीही करू शकतो. तो अमेरिकेचा नागरिक असावा, त्याचे काही नुकसान झालेले असावे, अशी अट नाही. पेटंट ज्याच्या नावे आहे तो स्वतःसुद्धा अर्ज करू शकतो, आणि पुष्कळदा करतो. आपल्या पेटंटाविरुद्ध पुढे कोणी काढील असा एखादा जुना लेख हाती लागला, तर तो आपणच कार्यालयापुढे ठेवून दावा पक्का करून घ्यावा, हा त्यामागील व्यवहार. कार्यालयाचे प्रमुखही आपण होऊन फेरतपासणी सुरू करू शकतात. वकिलामार्फत अर्ज करून खऱ्या अर्जदाराने पडद्याआड राहिले तरी चालते.

अट एकच, पण कडक. पुरावा म्हणून फक्त दोन गोष्टी चालतात : पूर्वीची पेटंटे आणि छापील प्रकाशने. त्यांच्या आधारे 'पेटंटयोग्यतेविषयी नवा आणि महत्त्वाचा प्रश्न' उपस्थित होतो असे दाखवावे लागते. प्रत्येक कागदाची प्रत जोडायची, इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असेल तर प्रस्तुत भागाचे भाषांतर जोडायचे, शुल्क भरायचे. तीन महिन्यांत कार्यालय ठरवते की प्रश्न दखलपात्र आहे किंवा नाही. दखलपात्र ठरला तर फेरतपासणीचा आदेश निघतो. मग पेटंटधारकाला निवेदन करण्यास दोन महिने मिळतात आणि अर्जदाराला त्यावर उत्तर देण्यास आणखी दोन महिने. यात एक गंमत आहे, ती सरकारी नियम वाचण्याची सवय असलेल्यांच्या लगेच ध्यानात येईल. पेटंटधारकाने निवेदनच केले नाही, तर अर्जदाराला उत्तर देण्याची संधीच उरत नाही. साहजिकच शहाणे वकील या टप्प्यावर मौन पाळतात. त्यानंतर सारा संवाद परीक्षक आणि पेटंटधारक या दोघांतच चालतो. ज्याने तक्रार केली तो बाहेरच्या बाकावर बसून राहतो.

न्यायालयात पेटंट वैध आहे असे गृहीत धरले जाते आणि ते पाडण्यास स्पष्ट व खात्रीशीर पुरावा लागतो. फेरतपासणीत असे गृहीतक नसते. परीक्षक कोऱ्या पाटीने बघतो. दावे कायम राहू शकतात, रद्द होऊ शकतात किंवा त्यांत दुरुस्ती होऊ शकते. दुरुस्ती करताना दाव्याची व्याप्ती कमी करता येते, वाढवता मात्र येत नाही. प्रत्यक्षात बहुसंख्य प्रकरणे दुरुस्तीवरच संपतात. हळदीप्रमाणे सगळेच्या सगळे दावे गळून पडणे ही थोड्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे. बासमतीचे उदाहरण घ्या. टेक्सासच्या राइसटेक कंपनीला सप्टेंबर १९९७ मध्ये बासमती वाणांवर व दाण्यांवर वीस दाव्यांचे पेटंट मिळाले होते. भारताने २००० साली फेरतपासणी मागितली. काही दावे कंपनीने स्वतःच मागे घेतले, आणखी बरेच पुढे गेले, परंतु कंपनीने स्वतः विकसित केलेल्या विशिष्ट वाणांपुरते दावे शिल्लक राहिले. आपल्याकडे काहींनी त्याला विजय म्हटले, काहींनी पराभव. वस्तुतः ती दुरुस्ती होती.

हळदीच्या बाबतीत पेटंटधारकांनी केलेला एक बचाव नमूद करण्याजोगा आहे. तुमच्या ग्रंथांत हळदीचा लेप सांगितला आहे, आम्ही पूड म्हणतो. लेप आणि पूड यांचे भौतिक गुणधर्म वेगळे, शरीरात शोषले जाण्याचे प्रमाण वेगळे, असा तो बचाव. आपल्या घरातली कोणतीही आजी हे ऐकून हसली असती. परंतु आजीच्या हसण्याची नोंद परीक्षकाच्या फाईलवर घेता येत नाही. तिथे कागदच लागतो, आणि ३२ कागद होते म्हणून तो बचाव टिकला नाही.

या लेखाचा खरा मुद्दा इथून सुरू होतो. लखनऊ छावणीत, जिथे मी राहतो, तिथून हजरतगंज फार दूर नाही. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली या शहरात छापखाना काढला आणि फारसी, अरबी, उर्दू, संस्कृत, हिंदी अशा ग्रंथांचा डोंगर उभा केला. त्यांत युनानी वैद्यकाचे ग्रंथही भरपूर. आपल्याकडे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने आयुर्वेदाच्या संहिता छापल्या. शंकर दाजीशास्त्री पदे यांचे 'आर्यभिषक्' मराठी घराघरांत गेले. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने नवलकिशोरच्या किंवा निर्णयसागरच्या खिळ्यांतून जे उमटले ते ज्ञान. जे उमटले नाही ते जणू नव्हतेच. हकिमाच्या घराण्यात सात पिढ्या चाललेला नुस्खा, गडचिरोलीच्या जंगलातील वैदूने दाखवलेली मुळी, कोकणातल्या सुईणीचा काढा, यांपैकी छापील कागदावर किती आले? जे आले नाही त्यावर उद्या कोणी दावा सांगितला तर फेरतपासणीच्या अर्जाला जोडायचे काय?

त्या काळी अमेरिकी कायदा स्वदेश आणि परदेश यांत उघड भेद करीत असे. अमेरिकेत एखादी गोष्ट नुसती वापरात असली तरी तिच्यावर पेटंट मिळत नसे. परदेशातील वापर मात्र छापील रूपात असेल तरच मोजला जाई. मार्च २०१३ पासून दाखल होणाऱ्या अर्जांपुरता हा भेद गेला आणि जगात कोठेही असलेला सार्वजनिक वापर नावीन्याला बाधक ठरू लागला. त्याच सुधारणेने पेटंट मिळाल्यापासून नऊ महिन्यांच्या आत कोणत्याही कारणावरून आव्हान देण्याची सोयही केली. परंतु नऊ महिने उलटले की कार्यालयातील दारे पुन्हा कागदापुरतीच उघडी राहतात. पुनर्परीक्षणाची मूळ अट आजही तीच आहे.

युरोपात असे नाही, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्राच्याच मातीत आहे. कडुनिंबाच्या अर्कापासून बुरशीनाशक करण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचे कृषी खाते व डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळाले. १९९५ मध्ये त्याला हरकत घेतली गेली, हरकतदारांत डॉ. वंदना शिवा होत्या. प्राचीन परंपरेचे दाखले पुष्कळ होते, परंतु पारडे फिरले ते एका आधुनिक साक्षीने. महाराष्ट्रातील एका कृषी-उद्योजकाने शपथेवर सांगितले की १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर आपण कडुनिंबाच्या तेलाच्या अशाच अर्काचे प्रयोग केले होते, तेही शेतकऱ्यांच्या देखत. युरोपीय कायद्यात सार्वजनिक वापर, मग तो जगात कुठेही असो, ग्राह्य धरतात. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले, मार्च २००५ मध्ये अपिलातही तेच कायम राहिले. हेच पेटंट त्या काळच्या अमेरिकी फेरतपासणीपुढे असते तर सांगलीच्या बांधावरची ती साक्ष उपयोगी पडली नसती. साक्षीदार तोच, शेत तेच, कडुनिंबही तोच. फरक नियमाच्या एका ओळीचा.

म्हणजे आपल्या हाती काय उरते? लिहून ठेवणे. लखनऊला मराठी माणसाने हे एकदा करून दाखवले आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. खानदानी उस्तादांनी जीवापाड जपलेल्या चिजा त्यांनी वर्षानुवर्षे खपून गोळा केल्या, स्वरलिपीत बसवल्या, 'क्रमिक पुस्तक मालिके'तून छापल्या. १९२६ मध्ये याच शहरात मॅरिस कॉलेज सुरू झाले. आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ तिथे उभे आहे. घराण्यांनी तेव्हा कुरकुर केली, आणि त्यांच्या कुरकुरीत तथ्य नव्हते असे नाही. छापले की ते सर्वांचे होते, आणि ज्याने जपले त्याच्या हाती काही उरत नाही. हा पेच पेटंटच्या क्षेत्रातही जसाच्या तसा आहे. वैदूची मुळी छापली तर तिच्यावर दुसरा कोणी मक्तेदारी सांगू शकत नाही, हे खरे. पण वैदूला स्वतःलाही मग पेटंट मिळत नाही. छापण्यापूर्वी त्याला हे समजावून सांगण्याचे काम कोणी करते काय, असा प्रश्न मी दोन-तीन शास्त्रज्ञांना विचारला. समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

सरकारने लिहून ठेवण्याचे काम केलेले आहे, आणि चांगले केले आहे. परंपरागत ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय २००१ मध्ये सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतील ग्रंथांमधले योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या भाषांत, पेटंट परीक्षकाला कळेल अशा वर्गवारीसह नोंदवले गेले. २००९ मध्ये युरोपीय आणि अमेरिकी कार्यालयांना ते पाहण्याची सोय झाली. आता परीक्षक पेटंट देण्यापूर्वीच ते उघडून पाहू शकतो, म्हणजे फेरतपासणीची वेळच येऊ नये. सीएसआयआरच्या चार प्रयोगशाळा लखनऊमध्येच आहेत. औषधी आणि सुगंधी वनस्पतींची संस्थाही इथलीच. एवढे सारे शेजारी असताना एक गोष्ट मात्र अनेक वर्षे विचित्र होती. म्युनिकच्या परीक्षकाला जे ग्रंथालय उघडे, ते इथल्या वैद्याला, संशोधकाला, शोधकाला बंद. चोरांनी पाहू नये म्हणून घरच्यांनाही किल्ली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इतरांनाही टप्प्याटप्प्याने व सशुल्क प्रवेश देण्यास मान्यता दिली. उशिरा का होईना, दिशा योग्य आहे. शुल्क मात्र व्यक्तिगत शोधकासाठी नाममात्रच असावे, कारण हे ग्रंथ त्याच्याच पणजोबांचे आहेत.

आतापर्यंत मी तक्रारदाराच्या बाजूने लिहिले. आता शोधकाच्या खुर्चीत बसून पाहू, कारण फेरतपासणीची तलवार दुधारी आहे.

छावणीच्या सदर बाजाराजवळ एक निवृत्त हवालदार राहतात, मूळचे सातारा जिल्ह्यातले. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये हयात गेली, हाताला यंत्राची चांगली जाण. रसवंतीच्या चरकात ऊस सरकवताना बोटे जाऊ नयेत म्हणून त्यांनी एक साधी जोडणी तयार केली आहे. गेल्या उन्हाळ्यात ते कागदपत्रे घेऊन माझ्याकडे आले. त्यांचा प्रश्न एकच होता. "साहेब, एकदा सरकारचा कागद हातात आला म्हणजे मग कुणी काढून तर घेत नाही ना?"

मी म्हटले, "हवालदारसाहेब, तुम्ही छावणीत इतकी वर्षे काढलीत. ओल्ड ग्रँटचा बंगला म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे."

ते लगेच समजले. छावणीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. १८३६ च्या गव्हर्नर जनरलच्या १७९ क्रमांकाच्या आदेशाने बंगाल प्रांताच्या छावण्यांत जमिनी दिल्या गेल्या. घर धारकाचे, जमीन सरकारची. एक महिन्याची सूचना आणि बांधकामाची किंमत दिली की सरकार जागा परत घेऊ शकते. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या बंगल्यांत राहतात, खरेदी-विक्री करतात, आणि तरीही जमिनीची मालकी त्यांच्याकडे येत नाही. पेटंटही असेच, किंबहुना त्याहून कच्चे. कारण ते गेले तर भरपाई नाही. भारतीय पेटंट कायद्याच्या तेराव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की परीक्षण झाले म्हणून पेटंटच्या वैधतेची हमी सरकार घेत नाही. मराठीत त्याला 'एकस्व' असा भारदस्त शब्द आहे, पण ते 'स्व' किती काळ 'एका'चे राहील हे पुढच्या अर्जावर अवलंबून असते.

अमेरिकेत हवालदारांसारख्या एकट्या शोधकाच्या नावे पेटंट असते, आणि एखाद्या मोठ्या कंपनीला ते खुपत असते, तर ती कंपनी निनावी राहून फेरतपासणी मागू शकली असती. एकदा नाकारले गेले तर दुसरे कागद घेऊन पुन्हा. पेटंटची मुदत संपेपर्यंत यास कालमर्यादा नाही. दर वेळी शोधकाला साधारण दोन महिन्यांत उत्तर द्यायचे, वकील लावायचा, दावा आक्रसत जाताना पाहायचा. आणि तोवर ते पेटंट विकत घेण्यास कोणी पुढे येत नाही, कारण पेटंटवर सावट आहे. उलट बाजूही आहे. ब्लॅकबेरीच्या प्रकरणात पेटंटधारक एनटीपी ही छोटी कंपनी होती. एकीकडे न्यायालयाचा निकाल तिच्या बाजूने, दुसरीकडे पेटंट कार्यालय फेरतपासणीत तिचेच दावे नाकारीत चाललेले. न्यायालय थांबायला तयार नव्हते. शेवटी मार्च २००६ मध्ये ब्लॅकबेरी बनवणाऱ्या रिसर्च इन मोशनने ६१ कोटी २५ लाख डॉलर मोजून तडजोड केली. एकाच सरकारची दोन दालने एकाच कागदाविषयी परस्परविरुद्ध बोलत होती. आपल्याकडे महसूल आणि दिवाणी न्यायालय यांच्यात असे चालते, तेव्हा आपण त्याला भारतीय गलथानपणा म्हणतो!

आणि तरीही या व्यवस्थेचे आकर्षण सामान्य माणसाला का वाटावे, याचे उदाहरण न्यूझीलंडचे आहे. ॲमेझॉन कंपनीच्या 'एका क्लिकवर खरेदी' या पेटंटने चिडलेल्या तिथल्या एका अभिनेत्याने, जो वकील नव्हता, २००६ साली फेरतपासणीचा अर्ज केला. शुल्कासाठी त्याने इंटरनेटवर चक्क वर्गणी गोळा केली. २००७ मध्ये परीक्षकाने बहुतेक दावे नाकारले. २०१० मध्ये कंपनीने दावे अंमळ आक्रसून घेतले आणि पेटंट वाचवले. वर्गणीदारांचे समाधान कितपत झाले कोण जाणे, पण जगातील एका अवाढव्य कंपनीला साध्या अर्जाचे उत्तर चार वर्षे द्यावे लागले.

भारतात काय आहे? अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो. ही तरतूद उदार आहे, आणि अनेक रुग्णसंघटनांनी औषधांच्या बाबतीत तिचा उत्तम उपयोग केला आहे. पेटंट मिळाल्याचे प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीला हरकत घेता येते. तीन सदस्यांचे मंडळ ती तपासते. परंपरागत ज्ञानावर पेटंट देऊच नये, असे कलम ३ मध्ये २००२ च्या दुरुस्तीने घातले गेले. सार्वजनिक हिताला बाधक पेटंट केंद्र सरकार स्वतः रद्द करू शकते. जांभूळ, लवंग आणि चंदन यांच्या मधुमेहावरील मिश्रणाचे पेटंट २०१२ मध्ये असे रद्द झाले. पण ते आधी दिलेच कसे गेले? परदेशी परीक्षकाला जांभळाची माहिती नव्हती ही सबब इथे तरी चालणार नाही.

एक वर्ष उलटले की मात्र उच्च न्यायालय. बौद्धिक संपदेचे अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाल्यानंतर मधला टप्पाही उरला नाही. २०२४ च्या नियमांनी पूर्व-हरकतीला शुल्क लावले आणि ती ऐकून घेण्याजोगी आहे किंवा नाही हे नियंत्रकाने आधी ठरवावे असे केले. निरर्थक हरकतींनी खऱ्या शोधकांची अर्जप्रकरणे वर्षानुवर्षे रखडत, हे सरकारचे म्हणणे मला मान्य आहे. पण दखलपात्रतेची चाळणी लावायची आणि मागचे दारही बंद ठेवायचे, हे दोन्ही एकदम नको. अमेरिकेने चाळणी लावली ती तीन महिन्यांच्या मुदतीसह आणि पेटंटच्या साऱ्या आयुष्यभर उघड्या असलेल्या दारावर. आपण चाळणी उचलली, दार राहिले.

माझ्या मते भारतीय कायद्यात एक वर्षानंतरही कागदावर आधारित, मुदतबंद फेरतपासणी असावी, आणि ती अमेरिकेची नक्कल नसावी. पुरावा म्हणून छापील प्रकाशनाबरोबरच शपथेवरील वापराची साक्ष चालावी, सांगली-पुण्याच्या शेतांवरच्या साक्षीसारखी. आपल्या देशात ज्ञान कागदावर कमी आणि हातात जास्त आहे. अर्जदार निनावी नसावा. एकट्या शोधकाविरुद्ध त्याच कारणावरून दुसरा अर्ज घेऊ नये, आणि त्याच्या बचावाचा वकील सरकारने द्यावा. पेटंटच्या शुल्कात व्यक्तीला सवलत देतो तर बचावात का नको? भारतीय भाषांतील कागदाच्या भाषांतराची जबाबदारी अर्जदारावर न टाकता कार्यालयाने उचलावी. मराठी ज्ञानकोशातील किंवा कृषी मासिकातील लेख इंग्रजीत करून देण्यासाठी माणसाला मुंबईत दुभाषा शोधावा लागणे, हे त्या भाषेच्याच राज्यात शोभत नाही. आणि तक्रारदाराला बाहेरच्या बाकावर बसवू नये. पेटंटधारकाने उत्तर दिले की ते त्याला मिळावे, आणि त्यावर एकदा बोलू द्यावे.

यावर आक्षेप येईल की परीक्षक आधीच अपुरे आहेत, नव्या अर्जांचा ढीग संपत नाही, त्यात जुने कोण तपासणार. हा आक्षेप प्रत्येक फेरतपासणीच्या विरुद्ध, प्रत्येक खात्यात, मी ऐकलेला आहे. लेखापरीक्षणालाही तोच लावतात. अमेरिकेने २००५ मध्ये फेरतपासणीसाठी अनुभवी परीक्षकांचा स्वतंत्र विभाग काढला, तो याच कारणाने. ज्याने पेटंट दिले त्याच्याच टेबलावर ते परत गेले तर तो स्वतःची सही सहसा चुकीची ठरवीत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला चोवीस वर्षे लागली. आपल्याला ते फुकटात कळलेले आहे.

हवालदारांचा अर्ज दिल्लीच्या पेटंट कार्यालयाकडे जाईल, कारण उत्तर प्रदेश त्या कार्यालयाच्या कक्षेत येतो. मी त्यांना सुचवले की कोल्हापूर-सांगलीच्या जुन्या कृषी मासिकांत आणि यंत्रांच्या जाहिरातींत अशी जोडणी आधी आली आहे काय, हे स्वतःच शोधा; आलेली असेल तर अर्जातच सांगून दावा बेताचा मांडा. अरुंद दावा टिकतो. आणि अर्ज करण्यापूर्वी रसवंतीवाल्यांना ती जोडणी दाखवत फिरू नका. ते थोडे हिरमुसले, कारण दोघांना ती आधीच बसवून दिली होती. ती कधी बसवली, कोणाच्या देखत, त्याला पैसे घेतले काय, हे सारे आता एका वहीत लिहून घेतले आहे. पुढच्या महिन्यात ते गावी जाणार आहेत, तेव्हा साताऱ्याच्या नगरवाचनालयात जुने अंक पाहून येतील. पेटंट कार्यालयाचे जर्नल दर शुक्रवारी संकेतस्थळावर येते आणि ते वाचायला पैसे पडत नाहीत, एवढे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. आता दर शनिवारी त्यांचा नातू ते उघडून देतो.